सूट कंपनीला, वसुली बाबांकडून

पत्र

ताई, सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात माझ्या वडिलांचं (वय ६८) हर्नियाचं ऑपरेशन झालं, दुर्बिणीतून. चार दिवस ठेवलं होतं. पॉलिसी ५ लाखांची, हॉस्पिटल कॅशलेसच्या यादीतलं, त्यामुळे आम्ही निश्चिंत होतो. डिस्चार्जच्या दिवशी सकाळी दहाला डॉक्टर म्हणाले, घरी जा. प्रत्यक्षात सुटलो संध्याकाळी साडेसहाला, तेही ९७,०७५ रुपये भरून. बिल २,२३,२०० चं, कंपनीने मंजूर केले १,२६,१२५. खिडकीवरचा मुलगा म्हणाला, "ये सब आपकी पॉलिसी का कटा है, हमारा कुछ नहीं."

कंपनीच्या पत्रात 'एमओयू डिस्काउंट ९,६००' अशी एक ओळ आहे. माझा भाऊ न्यू जर्सीत असतो. तो म्हणतो, ही ॲडजस्टमेंट आहे, राइट ऑफ झालेला पैसा, पेशंटने भरायचा नसतो. हॉस्पिटल म्हणतं, ती सूट कंपनीसाठी आहे, तुमच्यासाठी नाही. खरं कोणाचं? बाबा म्हणतात, ऑपरेशन नीट झालं ना, मग जाऊ दे. मला जाऊ द्यायचं नाही. कागदांचे फोटो सोबत पाठवते.

— एक मुलगी, लोकमान्यनगर, इंदूर

उत्तर

अहो, जाऊ देऊच नका.

तुमचे फोटो रविवारी सकाळी मोठे करकरून पाहत बसले आणि समोरचे पोहे गार झाले. भाऊ बरोबर बोलतोय. पण तुमचा मोठा पैसा त्याने धरलेल्या ओळीत नाही, दुसऱ्याच ठिकाणी अडकलाय. आधी निकाल सांगते, मग हिशेब. भरलेल्या ९७,०७५ पैकी ९,६०० हॉस्पिटलने परत द्यायला हवेत. २८,२७५ विमा कंपनीने चुकीचे कापलेत. उरलेले ५९,२०० आजच्या घडीला तुमचे, आणि त्यातलेही काही सुटण्यासारखे आहेत.

'पॉलिसी का कटा है' हे वाक्य मला पाठ आहे. इंदुरातल्याच एका खासगी हॉस्पिटलच्या बिलिंगच्या खिडकीमागे मी १९ वर्षं बसले आणि हे वाक्य मीसुद्धा शेकडो वेळा म्हटलं असेल. रांग वाढलेली असते, पेशंटचा जावई चिडलेला असतो, आणि या एका वाक्यात सगळं बसतं. त्या वाक्याच्या पोटात मात्र तीन निरनिराळे पैसे असतात: हॉस्पिटलने सोडलेले, कंपनीने कापलेले आणि मुळात आपलेच असलेले. तिन्हींची एक बेरीज करून पावती हातात दिली की घरी गेल्यावर कोणाला काही उलगडत नाही.

सुटीची ओळ आधी घेऊ, कारण ती सोपी आहे. एमओयू म्हणजे हॉस्पिटल आणि विमा कंपनी यांच्यातला करार.

आपल्या सराफ्यात दागिना घेताना घडणावळीचा आकडा लिहितात, मग त्यावर काट मारून 'तुमच्यासाठी कमी केली' म्हणतात. हॉस्पिटलचं छापील दरपत्रक तसंच असतं. रोख भरणाऱ्याला एक दर, आणि ज्या कंपनीशी करार केलाय तिच्या पेशंटला ठरलेला कमी दर. कंपनी वर्षभर पेशंट पाठवते, म्हणून हॉस्पिटल दर उतरवतं. तुमच्या बिलात सर्जन आणि भूलतज्ज्ञ मिळून ६८,००० आणि ओटीचे (ऑपरेशन थिएटरचे) २८,००० लावलेत. म्हणजे ९६,०००. करारात त्यावर १० टक्के सूट आहे. ते झाले ९,६००.

तुमच्या भावाच्या अमेरिकेत हाच प्रकार फार मोठ्या आकड्यांनी चालतो. तिथे हॉस्पिटलच्या मूळ दरपत्रकाचे आकडे डोळे फिरवणारे असतात. उपचारानंतर विमा कंपनीकडून घरी एक कागद येतो, त्यावर ठळक लिहिलेलं असतं की हे बिल नव्हे. त्यात हॉस्पिटलने लावलेली रक्कम, करारामुळे उडालेली रक्कम, कंपनीने दिलेली रक्कम आणि पेशंटने द्यायची रक्कम असे रकाने असतात. उडालेली रक्कम कंपनीच्या जाळ्यातल्या हॉस्पिटलला पेशंटकडून मागताच येत नाही, करारातच मनाई असते. जाळ्याबाहेरच्या डॉक्टरने अचानक लावलेल्या बिलांसाठी तर तिथे १ जानेवारी २०२२ पासून वेगळा कायदाच लागू झालाय. भावाच्या डोक्यात तो रकाना आहे.

त्याच्या 'राइट ऑफ' या शब्दाने मात्र घोटाळा होतो, कारण हिशेबाच्या वहीत त्याचे दोन अर्थ आहेत. एक, बुडीत खात्यात टाकलेले पैसे. म्हणजे येणं होतं, पेशंट देऊ शकला नाही, हॉस्पिटलने नाद सोडला. दुसरा, करारातली सूट. ती कधी येणंच नव्हती, फक्त आकडा छापला होता. तुमचे ९,६०० दुसऱ्या प्रकारचे. त्यामुळे 'आम्ही कंपनीला सोडले, तुम्हाला नाही' याला काही अर्थच उरत नाही. जे कोणाचंच देणं नव्हतं ते तुमचं देणं कसं होईल?

पुरावा तुमच्याच फोटोत आहे. कंपनीच्या अंतिम मंजुरीच्या पत्रात चार आकडे एकाखाली एक आहेत: बिल २,२३,२००, सूट ९,६००, कपात ८७,४७५, मंजूर १,२६,१२५. त्याखाली बारीक अक्षरात विमाधारकाने भरायची रक्कम ८७,४७५ लिहिली आहे. आणि हॉस्पिटलची रसीद (माझ्या पुण्याच्या वहिनी 'पावती म्हण गं' म्हणून टोकतात, पण आपली इंदुरी जीभ) आहे ९७,०७५ ची. दोन्हींतला फरक बरोबर ९,६००. या पत्राच्या मागच्या पानावर हॉस्पिटलसाठी अटी असतात. ठरलेल्या दरापेक्षा जास्त पैसे रुग्णाकडून घेऊ नयेत, आणि कंपनीला न मान्य होणाऱ्या खर्चापुरतीच वसुली करावी, अशा अर्थाचा मजकूर तिथे सापडतो. तुम्ही मागच्या पानाचा फोटो पाठवलेला नाही. तेच पान घेऊन खिडकीवर जा. खिडकीवरच्या पोराशी भांडू नका, त्याच्या हातात काही नसतं. बिलिंग मॅनेजरला भेटा आणि दोन कागद शेजारी ठेवा. मुद्दाम लबाडी केलेली असेलच असं नाही. पुष्कळदा संगणकात कंपनीसाठीचं बिल वेगळं निघतं, पेशंटचं वेगळं, आणि घाईत मूळ बिलातून मंजूर रक्कम वजा करून बाकी वसूल केली जाते. माझ्या सासूबाईंच्या मोतीबिंदूच्या वेळी दुसऱ्या एका हॉस्पिटलने हेच केलं. मी बिलिंगमध्ये काम करणारी बाई, आणि मला तीन आठवड्यांनी कळलं!

आता अवघड भाग. इथे जरा कागद-पेन घेऊन बसा.

तुमच्या पॉलिसीत खोलीच्या भाड्याची मर्यादा आहे, विमा रकमेच्या १ टक्का रोज. ५ लाखांच्या पॉलिसीला रोजचे ५,००० बसतात. तुम्ही घेतलेली खोली ८,००० ची. चार दिवसांचे ३२,००० झाले, कंपनी देणार २०,०००, वरचे १२,००० तुमचे. इथपर्यंत सगळ्यांना कळतं, आणि सगळे इथेच थांबतात. 'रोज तीन हजार आपण घालू, बाबांना एसी आणि वेगळा संडास मिळेल.' मीही हेच म्हटलं असतं.

पण हॉस्पिटलात खोली बदलली की बाकीचे दरही बदलतात. तोच सर्जन, तेच टेबल, तीच भूल, तरी जनरल वॉर्डच्या पेशंटला एक फी आणि डिलक्सवाल्याला दुसरी. म्हणून कंपनी म्हणते, तुमचा हक्क ५,००० च्या खोलीचा होता, घेतली ८,००० ची, तर खोलीशी बांधलेले बाकीचे खर्चही आम्ही त्याच प्रमाणात देऊ. ८,००० ला ५,००० म्हणजे साडेबासष्ट टक्के. उरलेले साडेसदतीस टक्के कापले. याला प्रपोर्शनेट डिडक्शन म्हणतात. खिडकीवर आम्ही नुसतं 'प्रपोर्शन लगा है' म्हणायचो.

तुमच्या बिलात खोलीशी बांधलेले खर्च कोणते? सर्जन, भूलतज्ज्ञ आणि ओटी यांचे सूट वजा जाता ८६,४००, आणि डॉक्टरांच्या व्हिजिटचे ८,०००. एकूण ९४,४००. त्याचे साडेसदतीस टक्के ३५,४००. ही कपात, पॉलिसीत तशी अट लिहिलेली असेल तर, नियमात बसते. कडू आहे, पण बसते. बाबांच्या त्या वेगळ्या संडासाची खरी किंमत १२,००० नव्हती, ४७,४०० होती. हे भरती करतानाच कोणीतरी सांगायला हवं होतं, एजंटने किंवा हॉस्पिटलच्या टीपीए टेबलाने (टीपीए म्हणजे विमा कंपनीच्या वतीने क्लेमचा हिशेब करणारी संस्था). कोणी सांगत नाही.

कंपनी (खरं तर तिची टीपीए) चुकली ती पुढे. तिने साडेसदतीस टक्क्यांची कात्री सरसकट चालवली. औषधांवर, जाळीवर, तपासण्यांवरसुद्धा. कपातीच्या तक्त्यात पाहा: औषधांपैकी देय धरलेल्या ३४,४०० मधून १२,९०० कापले, हर्नियाला बसवलेल्या जाळीच्या २६,००० मधून ९,७५०, आणि रक्त-सोनोग्राफी वगैरेंच्या १५,००० मधून ५,६२५. बेरीज २८,२७५.

हे चालत नाही. विमा नियामक, म्हणजे इर्डाने, २०२० साली यावर स्पष्ट सूचना काढल्या. प्रमाणात कपात फक्त 'असोसिएटेड मेडिकल एक्स्पेन्सेस'वर, म्हणजे संलग्न वैद्यकीय खर्चांवर करायची. त्या खर्चांत औषधं व वापरून टाकायच्या वस्तू, शरीरात बसवलेली उपकरणं आणि तपासण्या धरायच्या नाहीत. आयसीयूच्या भाड्यालाही ही कात्री लावायची नाही. कारण साधं आहे. जाळी काही खोली बघून महाग होत नाही, तिच्या वेष्टनावर एमआरपी छापलेली असते. या सूचनांनंतर पॉलिसींच्या मजकुरात ही व्याख्या आली, जुन्या पॉलिसींतही नूतनीकरणाच्या वेळी. तेव्हा तुमच्या पॉलिसीचं लांबलचक पुस्तक उघडा (ईमेलवर पीडीएफ आलेलं असेल), व्याख्यांच्या भागात हे शब्द शोधा आणि ते पान तक्रारीला जोडा. इर्डाचं नाव घेऊन धमकावण्यापेक्षा त्यांच्याच पॉलिसीचा परिच्छेद क्रमांक लिहिलेला जास्त लागू पडतो.

याच सूचनांत आणखी एक वाक्य आहे, ते फार थोड्यांना माहीत असतं. ज्या हॉस्पिटलात खोलीच्या वर्गानुसार दर बदलत नाहीत, तिथे प्रमाणात कपात करताच येत नाही. म्हणून बिलिंग मॅनेजरकडे गेलात की हळूच विचारा, हेच ऑपरेशन जनरल वॉर्डात असतं तर सर्जनची आणि ओटीची फी किती लागली असती? मोठ्या हॉस्पिटलांत ती बहुधा वेगळीच असते, त्यामुळे आशा लावून बसू नका. पण मधल्या आकाराच्या, डॉक्टरांच्याच मालकीच्या काही हॉस्पिटलांत फी एकच असते. तसं असेल तर लेटरहेडवर दोन ओळी लिहून घ्या. त्या दोन ओळींचं मोल ३५,४०० रुपये आहे.

आता चिल्लर. रोजच्या भांडणात लोक इथेच सगळी शक्ती घालवतात, म्हणून मी हे शेवटी ठेवलं. पॉलिसीच्या शेवटी परिशिष्टात चार याद्या असतात. पहिल्या यादीतल्या वस्तू साध्या पॉलिसीत कंपनी देत नाही: हातमोजे, मास्क, डायपर, क्रेप बँडेज, ईसीजीचे इलेक्ट्रोड, पेशंटच्या सोबत्याचं जेवण. काय काय आहे ते न लिहिता नुसतं 'किट' म्हणून लावलेली वस्तूही त्यातच. तुमच्या औषधांच्या ४१,००० मधून ६,६०० गेले ते असे. त्यात २,९०० चं एक 'ओटी किट' आहे. त्याचा तपशील हॉस्पिटलकडून मागा, कारण त्यातल्या टाक्यांच्या धाग्यासारख्या वस्तू सुट्या लिहिल्या असत्या तर बहुधा मंजूर झाल्या असत्या. नुसतं 'किट' लिहिलं की सगळंच उडतं. बिल करणाऱ्याचा आळस, भुर्दंड तुम्हाला.

दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या यादीची गंमत वेगळी. त्यातल्या गोष्टी अनुक्रमे खोलीच्या भाड्यात, शस्त्रक्रियेच्या आणि उपचाराच्या खर्चातच धरायच्या असतात, वेगळ्या लावायच्याच नसतात. तुमच्या बिलाच्या तळाशी 'इतर' म्हणून ५,२०० आहेत: रजिस्ट्रेशन ५००, फाइल ३००, रेकॉर्डचे ४००, ॲडमिशन किट १,५००, ॲडमिनिस्ट्रेशन २,५००. यातले रेकॉर्डचे ४०० पहिल्या यादीतले, म्हणजे तुमचे. बाकी ४,८०० या पुढच्या याद्यांत मोडतात. कंपनीने ते नाकारले हे योग्यच, पण मग करारातल्या हॉस्पिटलने ते तुमच्याकडून वेगळे का घेतले? हा प्रश्न ९,६०० च्या अर्जातच एका ओळीत घाला. मिळाले तर मिळाले. ९,६०० इतकी खात्री मी याची देणार नाही.

साडेआठ तास ताटकळवल्याबद्दल: २९ मे २०२४ च्या इर्डाच्या परिपत्रकानुसार कॅशलेसची पहिली मंजुरी एका तासात आणि डिस्चार्जची अंतिम मंजुरी हॉस्पिटलकडून विनंती पोचल्यापासून तीन तासांत द्यायची असते. त्याहून उशीर झाला आणि त्यापायी हॉस्पिटलने जास्तीचे पैसे लावले, तर ते कंपनीने स्वतःच्या खिशातून सोसायचे. घड्याळ विनंती पोचल्यापासून सुरू होतं हे ध्यानात ठेवा. डॉक्टरांनी दहाला 'घरी जा' म्हटलं, तरी फार्मसीचा हिशेब बंद होऊन फाइल पुढे जाईपर्यंत दोन-अडीच वाजतात. ते मी रोज बघत होते. तुम्हाला पाचवा दिवस लावलेला नाही, त्यामुळे यातून पैसे निघणार नाहीत. सोडून द्या.

आता करायचं काय. दोन अर्ज, दोन ठिकाणी, एकमेकांत न मिसळता.

हॉस्पिटलला चार ओळी पुरेत. "दिनांक अमुक रोजी माझ्या वडिलांकडून ९७,०७५ रुपये घेण्यात आले. विमा कंपनीच्या अंतिम मंजुरीपत्रात विमाधारकाने द्यायची रक्कम ८७,४७५ आहे. करारातील सुटीचे ९,६०० रुपये परत करावेत. 'इतर' या सदरातील ४,८०० रुपये कोणत्या आधारे घेतले ते लेखी कळवावे." सोबत दोन्ही कागदांच्या प्रती. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या, नाहीतर अर्ज कुठे गेला ते कोणालाच आठवत नाही. इंदुरात हिंदीत लिहिलेलं जास्त लवकर फिरतं, तेव्हा हिंदीतच द्या. तपशीलवार बिल किंवा जाळीच्या वेष्टनावरचं स्टिकर द्यायला टाळाटाळ केली तर तेही लेखी मागा. उपचाराची कागदपत्रं मागितल्यापासून ७२ तासांत द्यावीत असा डॉक्टरांच्या आचारसंहितेतला नियम आहे. त्यानेही हलले नाहीत तर ग्राहक हेल्पलाइन, क्रमांक १९१५. बहुतेकदा तिथवर जावं लागत नाही. मंजुरीपत्राची प्रत टीपीएलाही पाठवतोय असं शांतपणे सांगितलं की मॅनेजर खुर्ची पुढे करतो. करारातून नाव कटायची भीती हॉस्पिटलला ग्राहक मंचापेक्षा जास्त असते.

कंपनीला ईमेल करा, टीपीएला नाही. टीपीएला हवं तर प्रत ठेवा, पण निर्णय कंपनीचा असतो. पॉलिसीवर तक्रार निवारण अधिकाऱ्याचा पत्ता छापलेला असतो. विषयात क्लेम क्रमांक, मजकुरात फक्त तीन आकडे, १२,९००, ९,७५० आणि ५,६२५, आणि पॉलिसीतल्या व्याख्येचं पान. बाबांना किती त्रास झाला, संध्याकाळी किती उभं राहावं लागलं, हे मनात कितीही आलं तरी त्यात घालू नका. वाचणारा माणूस दिवसाला ढीगभर अर्ज उपसतो, त्याला आकडा आणि कलम लगेच दिसलं पाहिजे. सोबत 'बीमा भरोसा' या इर्डाच्या पोर्टलवरही तक्रार नोंदवून ठेवा, म्हणजे तिला क्रमांक मिळतो. फोनवर हवं असेल तर १५५२५५.

महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा नकार आला, तर विमा लोकपाल. मध्य प्रदेशासाठी हे कार्यालय भोपाळला आहे. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतच्या मागण्या तिथे चालतात, आणि नकारानंतर वर्षाच्या आत अर्ज करायचा असतो. अर्ज ऑनलाइन होतो, सुनावणी व्हिडिओवरही होऊ शकते, त्यामुळे बाबांना घेऊन भोपाळच्या बसमध्ये बसायची वेळ येईलच असं नाही. अर्ज मात्र पॉलिसी ज्यांच्या नावावर आहे त्यांच्या सहीने जातो. म्हणजे बाबांच्याच. त्यांना आधी तयार करा.

'जाऊ दे' म्हणणाऱ्या माणसाला तयार करायची एक युक्ती सांगते. माझे वडीलही तसलेच, राजवाड्यापाशी भाजीवाल्याशी दोन रुपयांसाठी अर्धा तास घालायचे आणि दवाखान्याचं बिल मात्र देवाच्या प्रसादासारखं दोन्ही हातांनी घ्यायचे. डॉक्टरांवर अविश्वास दाखवल्यासारखं वाटतं त्यांना. बाबांना सांगा, हा अर्ज सर्जनच्या विरुद्ध नाही, सर्जनला यातलं काही ठाऊकही नाही. तक्रार हिशेबावर आहे. आणि जाळीचे ९,७५० कापलेत हे आधी सांगा. पोटात बसलेल्या जाळीवर कोणी खोलीचं भाडं लावलं, हे कुठल्याही बाबांना पटत नाही.

शेवटचं, आणि हे या आठवड्यातच करा. ऑपरेशनच्या आधी ज्या सोनोग्राफ्या आणि रक्ताच्या तपासण्या बाहेर करून घेतल्या असतील, आणि घरी आल्यावर जी औषधं, ड्रेसिंग, पुन्हा दाखवायची फी झाली असेल, त्याचे पैसे वेगळे मागता येतात. बहुतेक पॉलिसींत भरतीच्या आधीचे ३० दिवस आणि नंतरचे ६० दिवस धरलेले असतात, तुमच्या पॉलिसीत किती आहेत ते बघा. कॅशलेस झालं म्हणजे क्लेम संपला असं समजून लोक या रसिदी केमिस्टच्या पिशवीतच टाकून देतात. डिस्चार्जच्या चिठ्ठीची प्रत, डॉक्टरांची चिठ्ठी आणि मूळ रसिदी लागतील. थर्मल कागदावरच्या रसिदींची शाई उडते, म्हणून आजच फोटोकॉपी काढा. आणि मंजुरीपत्राच्या त्या मागच्या पानाचा फोटो मला पाठवा.